आदिवासी तरुणांसोबत आरोग्य-संशोधन: गावात बसून की फोनवरून?

मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडमधील माडिया तरुणांसोबत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासारख्या विषयावर अभ्यास करू पाहणाऱ्या गटापुढे आज तीन मार्ग असतात: गावात जाऊन बैठक घेणे, व्हिडिओ कॉलवर गटचर्चा करणे, किंवा व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवून आवाजातील उत्तरे मागवणे. केवळ खर्च आणि प्रवास पाहिला, तर शेवटचे दोन सोयीचे ठरतात. मी मात्र आधी संमतीचा प्रश्न सोडवावा असे म्हणेन.

तसे म्हणण्यामागे एक कटू इतिहास आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात राबवलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) प्रतिबंधक लसीच्या प्रकल्पात अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. ऑनलाइन अर्जातील ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर बोट कोणाचे टेकले आणि मजकूर कोणी समजावून सांगितला, हे दूर बसलेल्या संशोधकाला कळत नाही, म्हणून तीच चूक इथे अधिक सहज घडू शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आदिवासी भागात जाण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्यांची मान्यता लागते, संमती घेताना गावातील ज्येष्ठांचा आणि स्थानिक बोली जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा लागतो, आणि एवढे झाल्यावरही प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र संमती आवश्यक असते; १२ ते १८ वयाच्या मुलांबाबत पालकांच्या संमतीसोबत मुलाचा स्वतःचा लेखी होकारही हवा. ही प्रक्रिया ग्रामसभेसमोर बसून जशी होते, तशी लिंक पाठवून होत नाही.

संमतीनंतरच्या संवादात मात्र बैठकीला मर्यादा पडतात. आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक (स्वतःला आजार नसला तरी त्याचे जनुक असलेले) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, त्यामुळे हा विषय थेट लग्नाशी जोडला जातो आणि चारचौघांत एखादी मुलगी त्याबद्दल मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. आवाजातील संदेश ती तिच्या सवडीने, तिच्या बोलीत पाठवू शकते, आणि नको वाटल्यास पुसून पुन्हा बोलू शकते. कोरकू ही मुंडा कुळातील, तर माडिया द्राविड कुळातील भाषा असल्याने केवळ मराठीत विचारलेल्या प्रश्नांना मिळणारी उत्तरे आखूड होतात. त्यामुळे उत्तरे ऐकून लिहून काढणारी व्यक्ती त्या भाषेचीच असावी आणि तिला योग्य मानधन मिळावे.

या मार्गातही धोका आहेच. घरात फोन एकच असेल, तर संदेश भाऊही ऐकू शकतो, आणि छोट्या गावात नाव काढून टाकले तरी आवाजावरून माणूस ओळखला जातो. ध्वनिमुद्रण कोणाकडे राहील, ते कधी पुसले जाईल आणि पुढच्या अभ्यासाला वापरता येईल का, हे सुरुवातीलाच गावासोबत ठरवावे. कॅनडातील फर्स्ट नेशन्स या मूलनिवासी समाजांनी माहितीची मालकी, नियंत्रण, तिच्यापर्यंत पोहोच आणि ताबा स्वतःकडे ठेवण्याची जी तत्त्वे मांडली, ती इथेही आधाराला घेता येतील.

व्हिडिओ कॉल मला गावातील तरुणांसाठी सर्वांत कमकुवत वाटतो: नेटवर्कसाठी टेकडीवर उभे राहिलेल्या मुलाला एकांत मिळत नाही, आणि चर्चा मराठी सफाईने बोलणाऱ्यांच्याच हाती जाते. अमरावती किंवा पुण्याच्या वसतिगृहात शिकणाऱ्यांसाठी मात्र तो चालू शकेल.

निधी कमी असलेल्या गटाने व्हिडिओ कॉल वगळावा, संमतीसाठी एक फेरी करावी, मधले काही आठवडे आवाजातील संदेशांवर काम करावे आणि निष्कर्ष सांगण्यासाठी दुसरी फेरी करावी. त्या दुसऱ्या फेरीत निष्कर्ष गावातील तरुणांनीच त्यांच्या बोलीत ग्रामसभेपुढे मांडावेत, आणि गावाने आक्षेप घेतलेला भाग अहवाल छापण्यापूर्वी दुरुस्त करण्याइतका वेळ वेळापत्रकात राखून ठेवावा.