चिखलदऱ्यातल्या महिनेवारी खोल्या: राहायला कशा आहेत

महिन्याच्या भाड्याने खोली ऑक्टोबर ते फेब्रुवारी घेतली तर पाचपैकी चार गुण. मार्च ते जून तीन, आणि त्यातला निम्मा निकाल पाण्याच्या टाकीवर. जुलै-ऑगस्टात दोन, तेही भिंत कोरडी निघाली तरच. एकाच खोलीला तीन वेगळे आकडे दिले, कारण चिखलदऱ्यात शनिवार-रविवार काढणं आणि महिना काढणं यात खोलीकडून लागणाऱ्या गोष्टीच बदलतात. दोन रात्रींसाठी आलेल्याला दरी दिसली, गरम पाण्याच्या दोन बादल्या मिळाल्या, की झालं. राहणाऱ्याला कपडे वाळवायचे असतात, डाळ शिजवायची असते, सोमवारी सकाळी नळाला पाणी हवं असतं.

सर्वात आधी भिंत. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर, पठाराच्या कडेला आहे. पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आडवा येतो. म्हणून दरीकडे तोंड करून असलेल्या, पॉइंटजवळच्या खोल्या राहायला सर्वात कच्च्या. ज्या खिडकीसाठी पर्यटक जास्त पैसे मोजतो, त्याच खिडकीच्या चौकटीतून जुलैत पाणी आत झिरपतं. गावात आतल्या बाजूला, दुसऱ्या घराच्या आडोशाला, समोर छपरी असलेली खोली घ्या. देखावा नाही, पण गादी कोरडी राहते.

खोली दाखवायच्या आधी बहुतेक ठिकाणी नवा रंग मारलेला असतो, त्यामुळे ओल डोळ्यांना दिसत नाही. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा पश्चिमेच्या भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक आणि भिंतीच्या मध्ये थेंब दिसले तर ओल भिंतीतच आहे; ती खोली सोडा. थेंब खोलीच्या बाजूने असतील तर हवा दमट आहे, भिंत ठीक आहे. खिडकी समोरासमोर असली की भागतं. एक दिवस थांबणं शक्य नसेल तर कपाट पुढे ओढून त्याच्या मागची भिंत बघा. तिथे रंग कोणी मारत नाही.

छताचं म्हणाल तर स्लॅब सर्वात बरा. टिनपत्र्याच्या खोल्या स्वस्त पडतात, पण पत्र्याच्या बोल्टाखालचे रबरी वायसर (वॉशर) उन्हाने कडक होऊन फाटतात आणि गळती तिथूनच सुरू होते. मृगाच्या आधी वायसर बदलून देणार का, हे मालकाला स्पष्ट विचारा. कवेलूचं (कौलारू) घर उन्हाळ्यात छान, पण वानरांच्या टोळ्या छपरावरून उड्या मारत जातात आणि कवेलू सरकतात. दरवर्षी ते फेरून घ्यावे लागतात, आणि ज्याने फेरून घेतलेले नाहीत त्याच्या घरी पहिल्या पावसात भांडी मांडावी लागतात.

पाणी हा इथला खरा प्रश्न आहे. पाऊस भरपूर पडतो, पण सगळा काळा दगड आणि उतार. पाणी मुरायच्या आत दरीत उतरतं. त्यामुळे पावसाळ्यात धबधब्याखाली भिजलेल्या माणसाला पटत नाही, पण एप्रिल-मे मध्ये आजूबाजूच्या गावांत पाण्यासाठी वणवण असते. हिशेब असा करा: शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. चार जणांचे ५४० लिटर झाले, म्हणजे १००० लिटरची टाकी दोन दिवसांतच तळाला जाते. जपून वापरलं, माणशी ५५ लिटरवर आणलं, तर तीच टाकी चार दिवस पुरते. आता बहुतेक ठिकाणी महिनेवारी खोलीची आणि पर्यटकांच्या खोल्यांची टाकी एकच असते. शनिवारी आठ खोल्या भरल्या की रविवारी दुपारी तुमचा नळ कोरडा. म्हणून खोली बघायला मंगळवारी-बुधवारी जाऊ नका. रविवारी सकाळी सातला जा आणि नळ उघडून बघा. वेगळी टाकी देणारा मालक भेटला तर थोडं भाडं जास्त गेलं तरी हरकत नाही. न्हाणीत २०० लिटरचा एक ड्रम मात्र आपला ठेवायचाच.

विजेचं दुखणं हिवाळ्यात कळतं. २५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर १५ अंशांचं पाणी ५० अंशांवर न्यायला अर्धा तास घेतो आणि साधारण १ युनिट खातो. पण दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला की तोच गिझर १२०० वॅटच्या आसपास चालतो आणि पन्नास मिनिटं लावतो. सकाळी सगळ्या हॉटेलांचे गिझर एकदम चालू होतात तेव्हा हेच होतं. पाचच्या आधी बटण दाबलं की काम लवकर होतं. सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीचं रीडिंग फोटो काढून मालकाला पाठवून द्या आणि युनिटचा दर लिहून घ्या. इन्व्हर्टर आहे म्हणून सांगतात, तर बॅटरी किती वर्षांची ते विचारा. १५० अँपिअर-अवरची नवी बॅटरी एक पंखा, दोन एलईडी आणि वायफाय दहा-बारा तास ओढते. चार वर्षांची जुनी दोन-तीन तासांतच मान टाकू शकते.

स्वयंपाकाची सोय हा या खोल्यांचा कमकुवत भाग. मुळात त्या पर्यटकांसाठी बांधलेल्या, त्यामुळे ओटा नाही, धूर जायला जागा नाही, भांडी घासायला मोरी नाही. "गॅस चालेल" एवढ्या शब्दावर थांबू नका. सिलिंडर कुठे ठेवायचं, जवळ खिडकी आहे का, ते बघा. या उंचीवर पाणी १०० ऐवजी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ती याच कारणाने. डाळ आधी तासभर भिजवा, कुकरलाच लावा आणि खाली घेता त्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त घ्या.

दूध मात्र इथल्यासारखं शहरात मिळायचं नाही. मोथा आणि आसपासच्या गवळी वस्त्यांतून येणाऱ्या म्हशीच्या दुधाचा रतीब लावा. पातेलं जरा मंद आचेवर ठेवलं की बोटाएवढी जाड साय धरते. पर्यटक रस्त्यावर रबडी खाऊन, खवा बांधून घेऊन जातात. राहणाऱ्याला रोजच्या चहातच हे सुख आहे. हिवाळ्यात मोथ्याची स्ट्रॉबेरीही शेतावरूनच घ्या. भाजीपाला खालून परतवाड्याकडून येतो, म्हणून कांदे-बटाटे-लसूण एकदम भरा. पालेभाजी आणि सांभार (कोथिंबीर) धुक्याच्या दिवसांत दोन दिवसांतच सडतात, ते लागेल तेवढेच. सुट्ट्यांच्या आधी, विशेषतः १५ ऑगस्टच्या आठवड्यात, गुरुवारपर्यंत सामान घरात असावं. त्यानंतर घाटात गाड्यांची रांग लागते.

पावसाळ्यात राहायचंच असेल तर या गोष्टींची तयारी करून या. कपडे चार-पाच दिवस वाळत नाहीत, वास मारतात. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. मीठ चिनीमातीच्या बरणीत, पापड-कुरड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. कपड्यांच्या कपाटात ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब कपड्यांपासून हातभर लांब लावून ठेवला तर बुरशी थांबते. दिवसाला जवळपास १ युनिट जातो, पण कपडे वाचतात. एलईडीचा उपयोग नाही, त्यात तेवढी ऊबच नसते.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. अमरावतीपेक्षा इथे साधारण पाच अंशांनी कमी, एवढंच. खाली ४४ असेल तर वर ३९ म्हणजे दुपारी ऊनच आहे. फरक पडतो तो रात्री. कूलरशिवाय झोप लागते. दम्याच्या माणसाला धुक्याचे दोन महिने जड जातात. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन महिन्यांच्या बरोबर ठेवा. परतवाडा ३० किलोमीटर असला तरी घाटाचा रस्ता आहे, तासभर लागतो, धुक्यात आणखी वेळ. दरड आली तर रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावंच लागतं. अंधार पडल्यावर गावाबाहेर पायी फिरू नका. अस्वल आणि बिबट्या दोन्ही या जंगलात आहेत.

कागदपत्रात अडचण नेहमी एकच येते. मालक मे महिन्यात, दिवाळीत किंवा पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी खोली रिकामी मागतो, कारण पर्यटक दोन रात्रींत आठवड्याचं भाडं देऊन जातो. तोंडी ठरवलं असेल तर भांडण ठरलेलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांच्या करारात "मधल्या काळात खोली रिकामी करून मागणार नाही" हे वाक्य आणि टाकीची सोय, दोन्ही घालून घ्या. मालक वयाने मोठा असेल तर काकाजी म्हणून दोन गोष्टी मानानेच बोला, पण सही झाल्याशिवाय अनामत देऊ नका.

आणि देण्याआधी एकदा गच्चीवर चढून टाकीचं झाकण बघा. तारेने आवळून बांधलेलं असेल तर घर राहत्या माणसाचं आहे. नुसतं ठेवलेलं असेल तर वानरं ते उघडून पाणी पितात, आत पाला-माती टाकतात, आणि तेच पाणी तुमच्या नळाला येतं. अर्धा मीटर बाइंडिंग तार बरोबर न्या, तिथल्या तिथे बांधून टाका.