गाडीत आवाज घालायचा की काढायचा? सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरून एक तुलना

साधारण एकाच किमतीच्या दोन गाड्या समोर असतात. एकीत 'स्पोर्ट'चं बटण दाबलं की इंजिन गुरगुरतं. दुसरी तेवढ्याच पैशांत पुढच्या दारांना दुपदरी काच देते आणि दारांना जाड रबर. टेस्ट ड्राइव्हला साताऱ्याच्या पोवई नाक्याच्या भुयारी मार्गातून चक्कर मारली तर पहिली गाडी हमखास भाव खाते, कारण भिंतींवरून परतणारा आवाज कानाला गोड लागतो. तीच गाडी महामार्गावर शेंद्र्यापासून कराडपर्यंत ऐंशीच्या वेगाने नेली की निकाल बऱ्याचदा फिरतो.

कंपन्यांना आवाज घालावा का लागतो, हे आधी पाहू. टर्बो एक्झॉस्टच्या वाटेतच बसतो आणि आवाजाचा बराच जोर खातो. शिवाय सिलिंडर कमी झाले. चार सिलिंडरचं इंजिन २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेरे) सेकंदाला सुमारे ६७ ठोके देतं, तीन सिलिंडरचं ५०. हा खालचा सूर 'दमदार' न वाटता 'धडधड' वाटतो. वरून आवाजाचे नियम कडक. मग नैसर्गिक आवाज दाबायचा आणि हवा तेवढा परत वाढायचा, असा उफराटा उद्योग सुरू झाला.

आवाज असा आत आणण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली नळीची. हवेच्या इनटेकमधून एक नळी फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे) आणतात, मध्ये एक पडदा असतो आणि हवेचे ठोके त्यातून केबिनमध्ये उतरतात. फोर्डच्या फोकस एसटीत ही सोय होती. आवाज खरा असतो, फक्त वाट काढून दिलेली असते. पडदा फाटला किंवा नळीची क्लिप सैल झाली की हवा गळते, फुसफुस ऐकू येते. एअर फिल्टर बदलताना ही नळी नीट बसली का, ते पाहून घ्यावं.

दुसरी तऱ्हा थरथरणाऱ्या डब्याची. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयमध्ये पुढच्या काचेच्या पायथ्याशी हा डबा बसवलेला असतो. तो पत्रा आणि काच हलवून आवाज तयार करतो. पुढे इथेच ट्रिम (प्लॅस्टिकचं आवरण) खडखडायला लागली तर मेकॅनिक डॅशबोर्ड उघडून बसतो आणि दोष या डब्याच्या पट्टीत निघतो.

तिसरी, आणि आता सर्रास, स्पीकरची. आरपीएम, वेग आणि ॲक्सिलरेटर किती दाबला ही माहिती गाडीच्या संगणकाकडून घेऊन ॲम्प्लिफायर त्याबरहुकूम सूर वाजवतो. बीएमडब्ल्यूच्या एफ१० पिढीच्या एम५ने हे केलं तेव्हा शौकिनांनी नाकं मुरडली, पण पद्धत रुळली. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत तर नसलेल्या इंजिनाचा आवाज आणि नसलेल्या गिअरचा झटका दोन्ही मिळतात.

आमचं मत सरळ आहे: नळी असेल तर चांगलं, स्पीकरचा आवाज असेल तर तो पूर्ण बंद करता येतो का, हे विचारा. 'कमी' आणि 'बंद' यांत फरक असतो. बंद होत नसेल तर त्या फीचरसाठी वरच्या व्हेरिएंटचे पैसे मोजू नयेत. कराडहून पुण्याला जाताना तोच नकली हुंकार अडीच-तीन तास ऐकणं ही करमणूक राहत नाही. बाहेरून सायलेन्सर बदलून आवाज काढण्याचा मार्ग या तुलनेत घेतलेलाच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

आता काढायची बाजू. इथेच जास्त पैसे वाया जातात, कारण लोक आवाज न ओळखता दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारा चिकट थर) चिकटवून मोकळे होतात.

ओळखायची रीत अशी. मोकळ्या, सरळ, सपाट रस्त्यावर ऐंशीला गाडी न्या, क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा. (खंबाटकी घाटात किंवा यवतेश्वरच्या उतारावर हा प्रयोग नको.) आवाज लगेच पडला तर तो इंजिनाचा किंवा एक्झॉस्टचा. तसाच राहिला तर टायर, बेअरिंग किंवा वारा. मग डांबरावरून सिमेंटच्या पट्ट्यावर जा. पोत बदलताच आवाज बदलला तर टायर. गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर घरघर वाढली-कमी झाली तर चाकाचं बेअरिंग, आणि त्यावर कुठलीही शीट उपयोगाची नाही. नव्वदनंतरच सुरू होणारी शीळ असेल तर आरसा आणि दाराच्या फटीवर मास्किंग टेप लावून पुन्हा चालवा. शीळ गेली तर बीडिंग (दाराच्या कडेचं रबर) बदला, काम काही शेकड्यांत होतं. उभ्या गाडीत, एसी चालू असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिनाखालचे रबरी आधार, तपासा. त्याचं रबर बसलं की सगळी धडधड थेट पत्र्यात उतरते.

मोबाइलच्या डेसिबल ॲपवर फार विसंबू नका. त्यातलं नेहमीचं 'ए' मोजमाप १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल आणि ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे डोकं उठवणारी घुमघुम आकड्यात जवळजवळ दिसतच नाही. ॲपमध्ये 'सी' मोजमाप असेल तर ते लावा, आणि दोन गाड्यांची तुलना एकाच फोनवर, एकाच रस्त्यावर, एकाच वेगाला करा.

निदान झालं की उपायांची तुलना सोपी होते. आपल्याकडे टायर पहिला. सांगलीकडे काळ्या मातीवरचे रस्ते बसून लाटा पडतात, उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी खरवडलेल्या डांबराची खडी वर येते. अशा पृष्ठभागावर खडबडीचा आवाज पत्र्यापेक्षा रबर ठरवतं. कडेच्या ठोकळ्यांवर हात फिरवा: एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टायर दातेरी झिजलाय. तो भुणभुणणारच. झीज कमी असेल तर चाकं पुढे-मागे फिरवून आणि अलाइनमेंट करून काही महिने निघतात. हवा दारावरच्या तक्त्याइतकीच ठेवा. पाच पीएसआय जास्त भरली तर टायर ढोलकीसारखा ताणतो. नवा घेताना एक इंच मोठ्या रिमचा मोह टाळा: साइडवॉल पातळ झाली की प्रत्येक सांधा कानात वाजतो.

टायरच्या पोकळीतली हवा स्वतःही घुमते, साधारण २०० ते २५० हर्ट्झला. त्यावर काही टायरांत आतून फोमची पट्टी चिकटवलेली असते. उपाय चांगला आहे, पण पंक्चर झाल्यावर फोम कापून, जागा साफ करून आतून पॅच मारावा लागतो. बाहेरून दोरी खुपसणाऱ्या टपरीवर हे होत नाही. त्यामुळे असा टायर घेण्याआधी आपल्या गावात तो खोलणारं दुकान आहे का, ते बघा.

दुपदरी ध्वनिरोधक काच वाऱ्याच्या वरच्या सुरांवर चालते. टायरच्या घुमघुमीवर ती जवळपास निरुपयोगी. रोज महामार्ग धरणाऱ्या सातारकराला तिचा फायदा दिसेल, मिरज-सांगली ये-जा करणाऱ्याला फारसा नाही. विम्यातून पुढची काच बदलताना कोपऱ्यातली खूण जुन्या काचेशी ताडून घ्या. ध्वनिरोधक काच जाऊन साधी बसली तर बिलावरून कळत नाही, शंभराच्या वेगाला कळतं.

डॅम्पिंग शीटची गंमत अशी की ती आवाज 'अडवत' नाही, पत्र्याची थरथर मारते. पत्रा आणि वरची ॲल्युमिनियमची पाटी यांच्यामधलं ब्युटाइल रबर ताणलं जातं आणि कंपनाची उष्णता होते. म्हणून पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर २५ ते ३० टक्के भाग, तोही मधला, झाकला की बहुतेक काम होतं. बोटाने टिचकी मारून पाहा: 'टण्'चं 'थप्' झालं की थांबा. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला साधारण ३ ते ४ किलो भरते. चारही दारं आतून-बाहेरून पूर्ण मढवली तर १० ते १२ किलो सहज वाढतात, फायदा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

घोळ होतो तो तीन ठिकाणी. स्वस्तात डांबरी शीट लावली तर उन्हात उभ्या गाडीच्या दारात ती मऊ होऊन ओघळते, वास सुटतो आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा बरबटते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने न पुसता चिकटवली, किंवा रोलर पुरेसा दाबला नाही, तर कडा सुटतात. आणि दाराच्या तळातली पाणी जाण्याची भोकं झाकली गेली तर सज्जनगड-कासच्या पावसात दार आतून कुजतं. काही गाड्यांत अपघात ओळखणारा दाबाचा सेन्सर दाराच्या पोकळीतच असतो. तिथली भोकं स्वतःच्या अकलेने बंद करू नयेत.

जमिनीला अंथरताना सांगलीकरांनी एक गोष्ट पक्की धरावी: कार्पेटखाली फेल्ट किंवा उघड्या छिद्रांचा स्पंज नको. २०१९च्या पुराच्या पाण्याने काय केलं हे इथे कुणाला सांगायला नको. पाणी प्यायलेलं फेल्ट आठवडे वाळत नाही आणि खालचा पत्रा गंजवतं. बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही, थोडा महाग पडतो.

आवाजाने आवाज मारण्याची सोय कंपनीतूनच येते, बाहेरून बसवायची गोष्ट नाही. छतातले मायक्रोफोन आवाज ऐकतात आणि दारातले स्पीकर उलटा आवाज सोडतात. होंडाने हे २००३ मध्येच गाडीत आणलं होतं. खालच्या सुरांना, म्हणजे नेमक्या तीन सिलिंडरच्या धडधडीला, हे उत्तम लागू पडतं, वाऱ्याला नाही. मात्र अशा गाडीत हौसेने ॲम्प्लिफायर किंवा सबवूफर बदलला तर उलट्या आवाजाचं गणित चुकतं आणि केबिन घुबडासारखं घुमू लागतं. म्युझिक सिस्टिम बदलणारच असाल तर ही सोय असलेलं व्हेरिएंट घेऊ नका.

इलेक्ट्रिक गाडीत हिशेब वेगळा. आवाज झाकणारं इंजिन नसल्यामुळे टायर, वारा आणि मोटरची बारीक कुई उघडी पडते. त्यामुळे आवाज काढण्याचे उपाय इथे पेट्रोलपेक्षा जास्त मोलाचे. पायी चालणाऱ्यांना सावध करणारा बाहेरचा इशारा-आवाज हा मात्र वेगळा विषय, त्याला केबिनमधल्या करमणुकीत मोजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे तो २० किलोमीटर वेगापर्यंत वाजतो: १० च्या वेगाला किमान ५० डेसिबल, २० ला ५६, आणि कमाल ७५. त्यापुढे टायरच पुरेसा आवाज करतो. आपल्याकडे केंद्राच्या २०२५ च्या मसुद्यात नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०२६ पासून आणि सर्व नव्या इलेक्ट्रिक कार, बस, ट्रकना ऑक्टोबर २०२७ पासून तो सक्तीचा करण्याचा प्रस्ताव आहे. साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या हरभट रोडवर पाठीमागून मुकाट येणारी गाडी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हा आवाज असलेली गाडी आत्ताच निवडा, आणि बटण असलं तरी तो बंद करू नका. त्याचा स्पीकर बहुधा पुढच्या बंपरमागे असतो. वॉशिंगला प्रेशर पंपाचा फवारा तिथे रोखून मारू देऊ नका, आणि शेतरस्त्यावरून आल्यावर जाळीत चिखल बसला तर साध्या पाण्याने धुवा. आवाज आतून फारसा ऐकू येत नसल्याने तो बंद पडलेला कळतही नाही. महिन्यातून एकदा कुणालातरी बाहेर उभं करून गाडी सावकाश मागे-पुढे घ्या आणि त्यांना विचारा.