बीटी कापसाचं बियाणं: अळीवर भारी, पण बाकी काम आपलंच

बीटीबद्दल एकतर डोक्यावर घेणारे भेटतात नाहीतर थेट विष म्हणणारे, म्हणून जरा नीट लिहितो. मूळ काम चोख आहे. मातीतल्या एका जिवाणूचा जीन झाडात घातलाय, बोंडअळीने कुरतडलं की त्याचं प्रोटीन तिच्या आतड्याला चिकटतं, तिथे भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या आतड्यात ते चिकटायला जागाच नाही, त्यामुळे विषाची भीती मला अजिबात पटत नाही. अळीसाठीच्या फवारण्या वाचतात हा खरा फायदा, फवारणाऱ्याच्या जिवाला पण.

पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना काही फरक पडत नाही, तिथे लक्ष ठेवावंच लागतं. आणि कडेने बिगर बीटी ओळी लावा सांगतात ते बहुतेक जण टाळतात, तिथेच घात होतो, कारण बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांच्या पतंगांचा त्या ओळीतल्या साध्या अळ्यांच्या पतंगांशी संकर झाला तरच अळीतला बीटीचा प्रतिकार हळू पसरतो. भारतात २००२ ला एक जीनचं बियाणं आलं, मग दोन जीनचं, गुलाबी बोंडअळीने दोन्ही पचवली.

तरी सगळ्याच जीएमला (म्हणजे असा जीन बदललेल्या पिकांना) एका मापात मोजू नका, अमेरिकेच्या हवाई बेटांवर १९९८ ला आलेल्या जीएम पपईने रिंगस्पॉट व्हायरसपासून बागा वाचवल्या. जंगली झाडांत असे जीन घालण्याबाबत मात्र मी घाई करणार नाही, ती कित्येक दशकं जगतात, पराग लांब उडतो, एकदा पसरलं की परत गोळा करता येत नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार.