मॅच झकास दिसते, पण वेळेचा भरवसा नाही

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या दोन मित्रांकडे वेगळी ॲप्स आहेत आणि त्यांचंही हेच रडगाणं आहे, मग एकट्यालाच कशाला धरायचं. फुटबॉल बघायसाठी वर्षाचा पॅक घेतला, ऑगस्टपासून वापरून राहिलो, आता सीझन संपत आलाय. पाचपैकी अडीच स्टार देतो, आणि अडीच का ते नीट सांगतो, कारण पैसे घरखर्चातून वाचवून एकदम भरले होते आणि पुढच्या सीझनला कोणी घ्यायच्या विचारात असेल तर त्याला कामात पडेल.

चांगलं आधी. पिक्चर एकदम क्लिअर. आमच्या प्रताप नगरात वायफाय संध्याकाळी जरा लडखडते तरी मॅच अटकत नाही, फार तर दोन सेकंद फिरते आणि लागते. टीव्हीवर, मोबाईलवर, दोन्हीकडे चालते. रिप्ले दुसऱ्या दिवशीही असतो. लाइव्ह मॅच मागे नेऊन गोल परत बघता येतो, बाबांना हे फार आवडते, एकच गोल चार चार वेळा बघतात. एवढ्यावर मी साडेचार दिले असते.

गाडी अडते ती वेळेवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या ३८० मॅचेसचं टाइमटेबल उन्हाळ्यात येतं, पण ते कच्चं असतं. बहुतेक मॅचेस शनिवारी दुपारी तीनला लिहिलेल्या असतात आणि मग तिकडचे टीव्हीवाले आपल्याला पाहिजे त्या उचलतात आणि हलवतात, कधी शनिवारी साडेबारा, कधी साडेपाच, कधी रविवार, कधी थेट सोमवारची रात्र. असं का, तर तिकडे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायचंच नाही असा नियम आहे, १९६० च्या दशकापासूनचा, लहान क्लबच्या मैदानावर पब्लिक यावं म्हणून. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे जी मॅच टीव्हीवर पाहिजे ती तीनवरून हलणारच. आणि आता २०२५-२६ पासूनच्या नव्या करारात तिकडे सीझनला कमीत कमी २६७ मॅचेस टीव्हीवर दाखवायच्या ठरल्या आहेत, चार वर्षांचे ६.७ अब्ज पौंड मोजले आहेत त्यांनी. एवढे पैसे देणारा वेळ आपल्या सोयीने ठरवेल हे कोणालाही कळते. वर अजून क्लब गुरुवारी युरोपातल्या दुसऱ्या स्पर्धेत खेळला तर त्याची शनिवारची मॅच रविवारी जाते, कपमध्ये पुढे गेला तर लीगची मॅच अजून कुठेतरी.

आता हे नागपुरात बसून बघा. तिकडची दुपारची तीन म्हणजे आपली संध्याकाळची साडेसात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास मागे घेतात, की साडेआठ. साडेबाराची मॅच उन्हाळ्यात आपल्याला पाचला, हिवाळ्यात सहाला. साडेपाचची मॅच रात्री दहाला नाही तर अकराला. आणि सोमवारी रात्री आठची म्हणजे आपल्याकडे साडेबारा किंवा दीड, मंगळवारी सकाळी ऑफिस. म्हणजे तिकडे एका माणसाने मॅच अडीच तास पुढे सरकवली की इकडे माझ्या घरात बाबा मॅच बघू शकतात की नाही ते ठरते.

बाबा सत्तरीला आले. तरुणपणी कामठीला फुटबॉल खेळले, आणि कामठीचा फुटबॉल काय चीज होती ते नागपूरकरांना सांगायला नको. रात्री दहाला त्यांचे डोळे मिटतातच. म्हणून आमच्या घरी साडेसातची मॅच म्हणजे बाबांची मॅच. जेवण लवकर, गुडघ्यावर शाल, आणि पहिल्या दहा मिनिटांत लेफ्ट बॅकच्या नावाने शिव्या सुरू. आम्ही दोघं आर्सेनलवाले. मोठ्या टीमची हीच गोची आहे, मोठी टीम म्हणून तिचीच मॅच टीव्हीवाले जास्त उचलतात, आणि बाबांच्या वाट्याच्या संध्याकाळी एकेक करून रात्री अकराला जातात.

डिसेंबरात मी ठरवलं की एक मॅच नीट करायची. शनिवार, रात्री साडेआठ. मॅच महिनाभर आधीच ॲपमध्ये सेव्ह करून ठेवली होती, घंटीचं चिन्ह दाबून रिमाइंडर लावला होता. बाबांचे कामठीचे तीन जुने खेळाडू मित्र बोलावले. प्रोजेक्टर भाड्याने आणला, गच्चीवर पांढरी चादर कपड्यांच्या चिमट्यांनी तारेला लावली आणि खाली दोन विटा बांधल्या हलू नये म्हणून. आईने पाटोडी रस्सा केला. डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीत आहे, तिघंही काका मफलर, कानटोपी, एक जण तर घरून स्वतःची सतरंजी घेऊन आले, कामठीहून इतक्या लांब, एकाच्या मुलाने गाडीने आणून सोडलं. आठ वाजून पाच मिनिटांनी मी ॲप उघडलं आणि मॅच ‘संपलेल्या’ यादीत. मोठ्या फोटोवर स्कोअर लिहिलेला. मॅच सहालाच होऊन गेली होती. टीव्हीसाठी साडेबाराच्या स्लॉटला हलवली होती, ॲपच्या मेन टाइमटेबलमध्ये ती वेळ बदलली होती, पण मी सेव्ह केलेला रिमाइंडर साडेआठलाच बसून होता. मेसेज नाही, मेल नाही. बरोबर साडेआठला, आम्ही सगळे गप्प बसलेले असताना, मोबाईल वाजला, ‘तुमची मॅच सुरू होत आहे’.

काका लोकांनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. सतरंजीवाले काका म्हणाले, "असू दे ना बाळा, लाव तू, बॉल तर तोच आहे." रिप्ले लावला, पूर्ण बघितला, पाटोडी रस्सा संपवला. पण मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं, निकाल फोटोवर मोठ्या अक्षरात सगळ्यांनी वाचला होता आणि पेनल्टी एरियात बॉल आला तरी कोणी सतरंजीवरून उठून राहिलं नव्हतं. बाबा एरवी उठतात. मी एकदा मेन टाइमटेबल परत बघायला पाहिजे होतं, मान्य आहे. पण मग रिमाइंडर कशासाठी आहे.

कस्टमर केअरला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की कार्यक्रमाच्या वेळा आयोजक आणि प्रसारकाप्रमाणे बदलू शकतात, गैरसोयीबद्दल खेद आहे. परत लिहिलं की वेळ बदलल्याची तक्रारच नाही माझी, बदलली हे मला कळवलं का नाही एवढंच विचारतोय, तर तोच मजकूर परत आला, अक्षर न अक्षर तोच. एक स्टार मी इथेच कापला. ज्या ॲपला मी काल काय बघितलं, किती मिनिटं बघितलं, कुठे पॉज केलं हे सगळं माहीत असते, त्याला मी सेव्ह केलेली मॅच अडीच तास आधी होणार आहे हे सांगता येत नाही हे मला पटत नाही.

आणि आपण तर घरात बसून बघणारे. मैदानात जाणाऱ्याचे हाल बघा. २०२३ मध्ये वुल्व्स आणि चेल्सीची मॅच टीव्हीसाठी २४ डिसेंबरला ठेवली, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, असं तिकडे १९९५ नंतर पहिल्यांदा झालं. तिकडच्या फॅन लोकांच्या संघटनांनी खूप विरोध केला, ट्रेन कमी, घरी सण, लंडनहून वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन परत कसं यायचं. मॅच झालीच. म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी पुण्याला मॅच ठेवून नागपूरच्या माणसाला ये म्हणण्यासारखं आहे.

अमेरिकेत तर याचं नावच ‘फ्लेक्स’ आहे. तिथल्या एनएफएलमध्ये, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, २००६ पासून रविवार रात्रीची मॅच अशी बदलतात, रंगत नसलेली काढायची आणि चुरशीची टाकायची. २०२३ मध्ये गुरुवारच्या मॅचलाही हे लावलं, २८ दिवसांची नोटीस देऊन. त्या वेळी न्यूयॉर्क जायंट्सच्या एका मालकानेच उघड विरोध केला होता की मैदानात येणाऱ्या लोकांचा विचार करा जरा. मला ते वाचून बरं वाटलं, टीमचा मालक असून बोलला. रविवारची म्हणून विमानाचं तिकीट काढलेला माणूस गुरुवारी कसा जाणार, सुट्टी कोण देणार. टीव्हीवर बघणाऱ्याला मॅच चांगली मिळते हे खरं, माझ्यासारख्यालाही कधी फायदा होतो, हिवाळ्यात सहाची मॅच बाबांना उलट जास्त सोयीची आहे, वेळेवर कळली असती तर. पण तिकीट काढलेल्या माणसाच्या पदरात यातलं काही पडत नाही.

आपल्याकडेही काही वेगळं नाही, कारणं फक्त वेगळी असतात. २०२३ च्या वर्ल्ड कपला अहमदाबादची भारत-पाकिस्तान मॅच १५ ऑक्टोबरची होती, नवरात्र सुरू होणार म्हणून १४ केली, आणि ऑगस्टमध्ये एकूण नऊ मॅचेसच्या तारखा वेळा बदलल्या. टाइमटेबल जूनच्या शेवटी आलं होतं, तोपर्यंत किती लोकांनी हॉटेलं बुक केली असतील. नवरात्र काही ऑगस्टमध्ये ठरत नाही ना, कालनिर्णय भिंतीवर जानेवारीपासून लटकलेलं असते. हे मला खरंच लागलं होतं.

बदल होऊच नये असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२२ ला आमच्या नागपूरच्या जामठा मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० होती, सातची मॅच मैदान ओलं म्हणून साडेनऊला सुरू झाली, आठ आठ ओव्हरची. मी होतो तिथे. अडीच तास नुसतं कव्हरकडे बघत बसलो, आणि मग रोहितने २० बॉलमध्ये नाबाद ४६ मारले. परत येताना वर्धा रोडवर गाड्याच गाड्या, घरी कधी पोचलो काय माहीत, कोणाच्या तोंडून तक्रार नाही ऐकली. पाऊस कोणाच्या हातात नाही हे पब्लिकला समजते. आणि त्याउलट २०२५ ची रणजी फायनल, तीही जामठ्यावर, केरळविरुद्ध. ठरलेल्या दिवशी सुरू, पाच दिवस रोज सकाळी, कोणी हलवायला आलं नाही. बाबांना दोन दिवस घेऊन गेलो, डबा बांधून. दानिश मालेवारचे पहिल्या इनिंगचे १५३, ३७ रनांचा लीड, त्यावर विदर्भ तिसऱ्यांदा चॅम्पियन. वेळ पक्की होती म्हणून बाबांच्या गोळ्या, उन्हाची टोपी, परत यायची गाडी सगळं आदल्या रात्रीच लावून ठेवता आलं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासूनची तयारी लागते, हे टाइमटेबल बनवणाऱ्याला कोणी सांगत नसेल.

तर ॲपवाल्यांकडून मला काय पाहिजे. सेव्ह केलेल्या मॅचची वेळ बदलली की त्याच दिवशी मेसेज, आणि मॅचच्या दिवशी सकाळी परत एक. जुनी वेळ खोडून बाजूला नवी दाखवा म्हणजे डोळ्यांना दिसेल. जी वेळ अजून पक्की नाही तिथे तसं लिहा, नुसतं साडेआठ लिहून ठेवू नका. आणि निकाल फोटोवर टाकू नका, रिप्ले बघणारा माणूसही पैसे भरूनच बसलेला आहे. यातलं एकही काम फार अवघड नसावं.

तोवर तुम्ही काय करायचं, तर ॲपच्या रिमाइंडरवर अजिबात राहू नका. बऱ्याच क्लबच्या साइटवर मोबाईलच्या कॅलेंडरला जोडायचं टाइमटेबल फुकट मिळते, एकदा जोडलं की मॅच हलली तर तिथली वेळ आपोआप बदलते आणि आपल्या घड्याळाप्रमाणेच दिसते. जानेवारीपासून मी तेच वापरून राहिलो, एकदाही चुकलं नाही. सेटिंग करायला पाच मिनिटं लागतात, वडिलांच्या मोबाईलमध्येही टाकून द्या. पॅक घ्यायचा का विचाराल तर पिक्चरसाठी घ्या, पण महिन्याचा घ्या, वर्षाचा नको.

मार्चच्या शेवटी तिकडचं घड्याळ परत पुढे गेलं, म्हणजे तीनची मॅच आता परत साडेसातला. या शनिवारी एक आहे. काका लोकांना फोन केलाय, चादर धुऊन ठेवली आहे, गच्चीवर आता थंडीही नाही. आज सकाळी चहा घेताना क्लबचं कॅलेंडर उघडून बघितलं, अजून साडेसातच दाखवते, उद्या परत बघतो.