कुठला ब्रश होता तो? नोंद ठेवायच्या रीती, चार सॉफ्टवेअरमध्ये

मुलांच्या एका पुस्तकाचं काम नवव्या पानावर थांबलं. मजकूर बदलायचा होता, त्यात चार महिने गेले. पुन्हा बसले तेव्हा दहाव्या पानावर त्याच मुलीची वेणी काढायची होती, आणि ती रेषा काही केल्या येईना. ब्रशचं नाव मला पाठ होतं. पण त्याचा पोत मी तेव्हा कमी केला होता, टोक बारीक केलं होतं, की पेनाच्या दाबाची सेटिंग बदलली होती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जुनं पान मोठं करून रेषा जुळवण्यात दोन दिवस गेले. ती दोन पानं शेजारी ठेवली की मला आजही फरक दिसतो.

तेव्हापासून क्रिता, फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ पेंट आणि आयपॅडवरचं प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या चारही सॉफ्टवेअरमध्ये ब्रशची नोंद कशी राहते हे मी मुद्दाम तपासत आले आहे. बऱ्याच पानांचं काम हाती घेणाऱ्याने ते सुरू करण्याआधीच रीत ठरवावी, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. साध्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, फटकारा उमटला की उरतात ते फक्त पिक्सेल, रंगाचे ठिपके. कुठल्या ब्रशने तो मारला, हे चित्राच्या फाइलमध्ये राहत नाही. फोटोशॉपच्या हिस्टरी पॅनलमध्ये प्रत्येक फटकाऱ्यापुढे नुसतं ‘ब्रश टूल’ असं येतं, मग तुम्ही खडू वापरा की शाई. प्रोक्रिएट चित्राचा टाइमलॅप्स आपोआप टिपतं, पण त्यातही कॅनव्हासच दिसतो, ब्रशचं नाव नाही. थोडासा अपवाद क्लिप स्टुडिओच्या व्हेक्टर लेयरचा, जो रेषा ठिपक्यांऐवजी रेषा म्हणूनच जपतो: तिथे काढलेली रेषा ऑब्जेक्ट टूलने निवडली की तिची जाडी आणि ब्रशचा आकार दिसतो, नंतर बदलताही येतो. केवळ शाईचं रेषाकाम करणाऱ्याला एवढंही पुरेल. रंगकामाला ते पुरत नाही.

कोण काय विसरतं

ब्रशमध्ये केलेल्या बदलाचं पुढे काय होतं, यात या चौघांचे दोन गट पडतात. निवड करताना मी सर्वांत जास्त वजन यालाच देते.

क्रिता आणि फोटोशॉप तुमचा बदल विसरतात. ब्रश घेतला, सेटिंग हलवली, दहा मिनिटं काम केलं आणि दुसरा ब्रश उचलला, की परत येताना पहिला ब्रश जसा मूळ होता तसा हातात येतो. क्रितामध्ये प्रीसेटचे (म्हणजे सेटिंगसकट नावाने जपलेल्या ब्रशचे) बदल तात्पुरते जपण्याचा एक पर्याय आहे. तो चालू ठेवला तर बदल टिकतात, पण नावातच सांगितल्याप्रमाणे तात्पुरते. जपून ठेवायचं असेल तर नव्या नावाने प्रीसेट करावाच लागतो.

क्लिप स्टुडिओत उलट होतं. सबटूलमध्ये, म्हणजे तिथल्या एकेका ब्रश-पेन्सिलमध्ये, केलेला बदल तिथेच मुरतो आणि आधी काय होतं ते जातं. आज पेन्सिल थोडी मऊ केली, आठवड्याने आणखी थोडी, आणि महिन्याभरात त्याच नावाची ती वेगळीच पेन्सिल झालेली असते. यावर तिथेच उपाय आहे. सबटूलला कुलूप लावता येतं. मग बदल केले तरी पुन्हा निवडताना तो कुलूप लावलं त्या वेळच्या स्थितीत येतो. पुस्तकाचं काम सुरू करताना त्यातल्या सगळ्या सबटूलना कुलूप लावणं ही माझ्या मते क्लिप स्टुडिओतली पहिली पायरी आहे.

प्रोक्रिएटमध्येही ब्रश स्टुडिओत, म्हणजे ब्रशच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन केलेला बदल ब्रशवरच बसतो. पण ‘या ब्रशविषयी’ असं पान प्रत्येक ब्रशला आहे. तिथे नाव घालता येतं आणि ‘रीसेट पॉइंट’ करता येतो, म्हणजे पुढे कितीही फेरफार केले तरी त्या खुणेवर परतता येतं. एवढी चांगली सोय असून ती फार थोडे लोक वापरताना दिसतात.

दुसरा प्रश्न प्रीसेटमध्ये मावतं काय याचा. रेषा स्थिर करणारी सेटिंग घ्या. क्रितामध्ये ती ब्रशमध्ये नसून फ्रीहँड ब्रश टूलच्या पर्यायांत असते, त्यामुळे प्रीसेट जपला तरी ती त्यात येत नाही. क्लिप स्टुडिओत ती सबटूलमध्येच असते. फोटोशॉपमध्ये नवा प्रीसेट करताना ब्रशची जाडी, टूलची सेटिंग आणि रंग यांतलं काय बरोबर घ्यायचं यासाठी वेगवेगळ्या चौकटी आहेत. त्या न बघता ओके दाबलं की ओपॅसिटी (रंगाची अपारदर्शकता) आणि फ्लो (रंग उतरण्याचा वेग) मागे राहू शकतात. प्रोक्रिएटमध्ये रेषा स्थिर करणारी ‘स्ट्रीमलाइन’ ही सेटिंग ब्रशमध्ये असते, पण सगळ्या ब्रशना मिळून लागू होणारी वेगळी सेटिंगही प्रेफरन्समध्ये आहे. ती हलली की सगळेच ब्रश बदलल्यासारखे वाटतात. माझ्या वेणीचं असंच झालं होतं. प्रीसेट सापडला, पण क्रिताच्या टूलमधली स्थिरता मी मधल्या काळात दुसऱ्या कामासाठी वाढवून ठेवली होती.

अलीकडचे ब्रश

त्या दिवसापुरतं काम असेल तर हे पुरे. क्रितामध्ये प्रीसेट हिस्टरी नावाचा डॉकर, म्हणजे बाजूला ठेवता येणारी चौकट, आहे. त्यात वापरलेले ब्रश एकामागून एक जमतात आणि त्यांनी जागा बदलायची की नाही हे तुम्ही ठरवू शकता. मी जागा स्थिर ठेवते, कारण हात जागेवरून ब्रश ओळखतो. तिरपी रेघ असलेली कळ दाबली की आधीचा ब्रश परत येतो. शाई आणि खोडरबर आलटूनपालटून वापरताना याचा फार उपयोग होतो. फोटोशॉपच्या ब्रश पॅनलमध्ये वरच्या बाजूला अलीकडच्या ब्रशची पट्टी दाखवता येते. प्रोक्रिएटमध्येही अलीकडच्या ब्रशचा वेगळा संच आहे, त्यातला हवा तो टाचून ठेवता येतो. पण या सगळ्या याद्या सॉफ्टवेअरच्या असतात, चित्राच्या नसतात. मध्ये दुसरं काम घेतलं की पहिल्या कामाचे ब्रश खाली ढकलले जातात.

टॅग आणि फोल्डर

क्रितातले टॅग मला सर्वांत आवडतात. एका ब्रशला हवे तेवढे टॅग लागतात आणि ब्रश मात्र एकच राहतो. म्हणजे तीच पेन्सिल ‘वेणीचं पुस्तक’ या टॅगमध्येही असते आणि ‘कच्चं रेखाटन’मध्येही. उजवं बटण दाबल्यावर उघडणाऱ्या चकतीत निवडलेल्या टॅगचे ब्रश दिसतात, त्यामुळे काम बदललं की टॅग बदलायचा, बस. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून हे सगळं एका डेटाबेसमध्ये राहतं, आणि काढून टाकलेला प्रीसेट रिसोर्स मॅनेजरमधून परत आणता येतो.

फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०१७ च्या सीसी २०१८ पासून ब्रशचे फोल्डर आणि फोल्डरच्या आत फोल्डर करता येतात. पण ब्रश एकाच फोल्डरमध्ये राहतो. दोन कामांना हवा असेल तर त्याची प्रत काढायची, आणि प्रत निघाली की पुढे दोन्ही एकसारख्या राहतील याची खात्री नाही. क्लिप स्टुडिओत यासाठी क्विक ॲक्सेस या हाताशी लागणाऱ्या साधनांच्या पॅनलचा वेगळा संच दर कामाला करता येतो. प्रोक्रिएटमध्ये कामागणिक ब्रशचा संच करावा, आणि त्यात मूळ ब्रश न ठेवता त्याची प्रत ठेवावी.

टॅग करा की फोल्डर, नाव कामाचं द्या. क्रिताच्या मूळ ब्रशना अक्षर, प्रकार आणि क्रमांक अशी नावं आहेत आणि ती नीट लावलेली आहेत, पण ‘पेन्सिल-२’ यातून चार महिन्यांनी काही कळत नाही. ‘वेणी-रेषा-१२’ यातून कळतं. शेवटचा आकडा जाडीचा. मात्र तो पिक्सेलमध्ये आहे हे विसरू नका: ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) पानावर १२ पिक्सेलची जी रेषा छापून येते, ती ६०० डीपीआयवर २४ ची घ्यावी लागते.

चित्रातच ब्रशपट्टी

मी आता हेच करते, आणि बऱ्याच पानांच्या कामाला हेच करा असं सांगेन. पहिल्या पानाच्या फाइलमध्ये सर्वांत वर एक लेयर घ्यायचा. त्यावर वापरलेल्या प्रत्येक ब्रशचा एक लांब फटकारा, हलक्या दाबापासून पूर्ण दाबापर्यंत, आणि शेजारी रंगाचा एक छोटा चौकोन. ब्रशचं नाव त्याच ब्रशने, स्वतःच्या हाताने लिहायचं. खाली जाडी, ओपॅसिटी, आणि प्रीसेटच्या बाहेर राहणारं सगळं: स्थिरता, दाबाची सेटिंग. मग लेयर लपवून कुलूप लावायचं.

हाताने लिहिण्यात दोन फायदे आहेत. अक्षरात ब्रशचं वळण दिसतं. शिवाय फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी टाइप करायचं तर मजकुराच्या सेटिंगमधला वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावा लागायचा, नाहीतर जोडाक्षरं तुटायची. ती कटकट वाचते.

नाव आणि आकडे कुठल्याही वहीत लिहिता येतील, पण पट्टीवरचा फटकारा हा पुरावा असतो. चार महिन्यांनी ब्रश उचलून त्या फटकाऱ्याशेजारी दुसरा मारायचा. जुळला तर कामाला लागायचं. नाही जुळला तर काय हललं ते शोधायला निदान नमुना समोर असतो.

प्रोक्रिएटमध्ये लेयरची संख्या कॅनव्हासच्या आकारावर आणि आयपॅडच्या मेमरीवर ठरते, म्हणून मोठ्या पानावर एक लेयर पट्टीला देणं परवडत नाही. तिथे पट्टीचा वेगळा कॅनव्हास करून गॅलरीत पुस्तकाच्या पानांबरोबर एकाच स्टॅकमध्ये (गठ्ठ्यात) ठेवावा.

पट्टीला जोड म्हणून ब्रशची फाइलही कामाच्या फोल्डरमध्ये ठेवा. क्रितात केपीपी, फोटोशॉपमध्ये एबीआर, क्लिप स्टुडिओत एसयूटी. क्रिताची केपीपी मुळात पीएनजी चित्रच असते, सेटिंग त्याच्या पोटात असतात. खूप ब्रश असतील तर सगळ्यांचं मिळून एक बंडल करता येतं.

मग कोणी काय करावं

एका बैठकीत चित्र संपवणाऱ्यांना अलीकडच्या ब्रशची यादी पुरते. एकाच वेळी तीनचार कामं हातात असतील, दिवाळी अंकांच्या दिवसांत असतात तशी, तर टॅग किंवा फोल्डर हवेच, आणि निव्वळ त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायचं असेल तर मी क्रिता घेईन. ते विनामूल्यही आहे. रेषाकाम जास्त आणि रंग कमी असेल तर क्लिप स्टुडिओ, सबटूलना कुलूप लावून. आयपॅडच वापरणार असाल तर रीसेट पॉइंट आणि पट्टीचा वेगळा कॅनव्हास या दोन सवयी लावून घ्या.

पुस्तक किंवा चित्रमालिका असेल तर सॉफ्टवेअर कुठलंही असो, पट्टी करा, आणि ती पहिलं पान मनासारखं झालं त्याच दिवशी करा. मला पाच-सहा ब्रशच्या पट्टीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. छपाईला पीएसडी (लेयरसकट फोटोशॉपची फाइल) पाठवायची असेल तर तिच्या प्रतीतून तो लेयर काढून टाका. मूळ फाइलमध्ये तो राहू द्या.