जुनी पेट्रोल गाडी: ई-२० पुरती सुधारायची की थेट इथेनॉलवर न्यायची?

घरात कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) जुनी मोटारसायकल किंवा मारुती ८०० असेल, तर आज दोन पर्याय आहेत. सगळीकडे मिळणारं ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) गाडीला सोसेल एवढं काम करून घ्यायचं, किंवा इंजिन नव्याने बांधून जवळजवळ शुद्ध इथेनॉलवर चालवायचं. माझा कौल पहिल्याला आहे.

ई-२० साठी मुख्य काम रबराचं. जुन्या गाड्यांतलं रबर आणि कॉर्कची गॅस्केट इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. पेट्रोल पाइप, पेट्रोल कॉकचा वॉशर, फ्लोट बोलचं (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीचं) गॅस्केट, कारमध्ये फ्युएल पंपाचा पडदा, हे सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या मटेरियलचं घाला. व्हायटॉन (इंधनाला टिकणारं कृत्रिम रबर) मिळालं तर उत्तम. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळही इथेनॉलने सुटतो आणि जेटमध्ये (कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या बारीक भोकाच्या भागात) अडकतो. म्हणून टाकी आतून धुऊन घ्या आणि थोडं चालवल्यावर फिल्टर पुन्हा बदला. प्लग पांढरा पडत असेल, चढावर गाडी तापत असेल, तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. मेन जेट एक नंबर मोठा घाला. ॲव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-० (इथेनॉल नसलेल्या पेट्रोल) साठी बनवलेल्या आणि ई-१० ला (१० टक्के इथेनॉल) जुळवलेल्या दुचाकींसाठी ३-४ टक्के, कारसाठी ६-७ टक्के घट धरली होती.

पूर्ण इथेनॉलचं गणित वेगळं. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत दीडपटीहून जास्त इंधन सोडायचं. जेटचं भोक १ मिलिमीटर असेल, तर ई-२० ला १.०४ च्या आसपास पुरतं. इथेनॉलला सव्वा मिलिमीटर लागतं. नुसतं मेन जेट बदलून भागत नाही, पायलट जेटही (गाडी उभ्याने चालू असताना इंधन देणारं) बदलावं लागतं. आणि कृपा करून ड्रिलने भोक वाढवू नका, मापाचं जेट विकत घ्या.

इथेनॉलचा खरा गुण त्याच्या ऑक्टेनमध्ये (दाबाखाली अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेत) आहे, सुमारे १०८. पण तो वसूल करायला कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवावं लागतं. ब्राझीलमध्ये इथेनॉल इंजिनं १२:१ पर्यंत नेली गेली; आपली जुनी इंजिनं ८-९ वर आहेत. कॉम्प्रेशन वाढवायला हेड (इंजिनाचं वरचं झाकण) न उतरवता नुसती जेटं बदलली, तर लिटरमागे एक तृतीयांश कमी ऊर्जा तेवढी पदरात पडते: ४० चं ॲव्हरेज २७ च्या आसपास येतं. ब्राझीलमधला ढोबळ हिशेब असा की इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्के दरात मिळालं, तरच परवडतं.

थंडीचं दुखणं वेगळंच. १३-१५ अंशांखाली शुद्ध इथेनॉलची पुरेशी वाफ होत नाही. निफाडच्या डिसेंबरात सकाळी किक मारून दमाल. ब्राझीलच्या गाड्यांत त्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची.

पंपांचाही प्रश्न आहे. मार्च २०२४ मध्ये ‘इथेनॉल १००’ हे जवळजवळ शुद्ध इथेनॉल पंपांवर सुरू झालं, तेव्हा महाराष्ट्रासह पाच राज्यांत मिळून १८३ पंप होते. शिवाय आरसी बुकावर इंधन पेट्रोल लिहिलेलं असतं. आरटीओच्या परवानगीशिवाय बदल केला आणि पुढे अपघात झाला, तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

इंजिन नाहीतरी बोअरला (सिलिंडर घासून नवा पिस्टन बसवायला) टाकायचं आहे, पंप रोजच्या रस्त्यावर आहे, परवानगी मिळतेय आणि घरात दुसरी गाडी आहे, अशा माणसाने पूर्ण इथेनॉलचा जरूर विचार करावा.

कोकणात असाल तर कुठलाही पर्याय घ्या, पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवण्याआधी कॉक बंद करून फ्लोट बोल रिकामा करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गंज सगळ्यात आधी तिथेच धरतो.