चेंबूरमधील एका टायर दुकानातील व्हील अलाइनमेंट: अभिप्राय

गाडी डावीकडे ओढत असल्याने चेंबूरमधील एका टायरच्या दुकानात व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन तपासून योग्य बसवणे) करून घेतले, आणि तिथल्या मिस्त्रींनी काम करता करता जे समजावून सांगितले, ते कामाइतकेच मोलाचे वाटले. पुढच्या टायरची आतली कड तिरकी झिजली होती, तिच्यावरून हात फिरवायला लावून ते म्हणाले, "साहेब, टो बिघडला की चाक नुसते फिरत नाही, घासत पुढे जाते." टो म्हणजे वरून पाहिल्यास चाके पुढच्या बाजूने आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन.

प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकतो आणि वेग, ब्रेक व वळण या तिन्हींसाठी लागणारे बळ त्याच जागेतील घर्षणातून मिळते. म्हणूनच ओल्या वळणावर जोरात ब्रेक दाबला, तर वळायला पुरेशी पकड उरत नाही. घर्षणगुणांक (पकड किती आहे याचे माप) कोरड्या डांबरावर ०.७ आणि ओल्यावर ०.४ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लागल्यापासून अनुक्रमे सुमारे २० आणि ३५ मीटरांवर थांबते. मुंबईच्या पावसात हा फरक जिवावर बेतू शकतो.

टायरच्या नक्षीची खोली मिस्त्रींनी मोजून दाखवली. नियमाने ती किमान १.६ मिलिमीटर हवी, पण ३ मिलिमीटरलाच टायर बदलण्याचा त्यांचा सल्ला मला पूर्णपणे पटला, कारण उथळ नक्षीतून पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. आधीच्या व नंतरच्या कोनांचा छापील कागद मात्र मागावा लागला. तो दुकानाने आपणहून द्यायला हवा. रविवारी गर्दी असते, तेव्हा कामाच्या दिवशी सकाळी जावे.